रेडिओ कोण ऐकून राह्यलं?

संशोधनाचा अहवाल लिहिताना एक गंमत होते. जे लिहिण्यासारखं असतं ते सर कापतात, आणि जे सर ठेवतात ते कोणी वाचत नाही. कापलेलं मात्र वाया जात नाही. ते चहाच्या कपाबरोबर पुन्हा पुन्हा बाहेर येतं, दर वेळी थोडं सुधारून. आमच्या केंद्राचं असं कापलेलं इतकं साठलंय की मूळ अहवाल त्याच्यापुढे अगदीच हडकुळा दिसतो!

आमचं केंद्र म्हणजे यवतमाळच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे मिळालेल्या दोन खोल्या. बाहेर पाटी होती, ‘ध्वनी-माध्यम अभ्यास केंद्र’. विषय होता, आपल्या जिल्ह्यातली खेडी रेडिओ कसा ऐकतात. माणसं चार. प्रमुख वानखडे सर, शांत माणूस. फार संतापले की ‘बरं’ म्हणायचे. दुसरा इंदल राठोड, उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरचा, गोरबोली आणि मराठी दोन्हींत तितकाच चहाटळ. तिसरा सलीम, दारव्ह्याच्या रेडिओ मेकॅनिकचा मुलगा, ध्वनिमुद्रण त्याच्याकडे. आणि चौथी मी, संध्या. गावोगाव जाऊन माणसांना बोलतं करणं हे माझं काम, आणि त्यात मी पटाईत होते, हे आत्ताच सांगून टाकते.

दिवस कापसाचे वाईट होते. भाव पडलेले, बियाणं महाग, आणि कुठल्या गावातून काय बातमी येईल याचा नेम नाही. अशा दिवसांत आम्ही रेडिओवर संशोधन करतोय म्हटल्यावर लोक आमच्याकडे जसं बघायचे तसंच तुम्हीही आत्ता बघताय!

पैसा एका मोठ्या विद्यापीठाचा होता आणि मुदत ठरलेली होती. मुदत संपताना एक परीक्षण समिती येणार, गावं बघणार आणि केंद्र ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवणार. समितीच्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत सरांना विचारलं होतं, “वानखडे, टीव्ही आला, मोबाइल आला. आता रेडिओ ऐकतं कोण?”

या दोन खोल्या मिळाव्यात म्हणून सरांनी निम्मी नोकरी अर्ज करण्यात घालवली होती. त्यामुळे ‘रेडिओ ऐकतं कोण’ हा तेव्हापासून आमच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होऊन बसला.

*

पहिली अडचण कॉलेजातच आली. पाटीवरचा ‘अभ्यास’ हा शब्द कोणी वाचलाच नाही. रेडिओचं काहीतरी आहे एवढं कळलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून लोक बिघडलेले रेडिओ घेऊन यायला लागले.

आधी शिपाई आले. मग ग्रंथपाल आले. मग मराठीच्या मॅडम सासऱ्यांचा जुना लाकडी सेट रिक्षात घालून घेऊन आल्या. सर प्रत्येकाला बसवून घ्यायचे आणि माध्यम-अभ्यास म्हणजे काय ते समजावून सांगायचे. लोक नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, “मग परवापर्यंत होईल ना?”

सलीमला ते बघवेना. तो मुकाट्याने एकेक सेट उघडून दुरुस्त करून द्यायला लागला. सरांनी बघितलं, ‘बरं’ म्हणाले आणि खोलीत निघून गेले.

पहिला वार्षिक अहवाल गेला तेव्हा इंदलने त्यात एक ओळ घुसडली, ‘केंद्राचा समाजातील सर्व स्तरांशी जिवंत संपर्क आहे.’ विद्यापीठाकडून उत्तर आलं, बाकी कामाबद्दल शंका आहे, पण समाजसंपर्क उल्लेखनीय!

त्याच दिवशी रसायनशास्त्राचे प्रमुख दारात उभे होते. त्यांच्या हातात मिक्सर होता.

*

खरी पंचाईत गावात झाली. आम्ही मोठ्या हुशारीने प्रश्नावली तयार केली होती. पहिलाच प्रश्न, ‘तुम्ही रेडिओ ऐकता का?’ घाटंजी तालुक्यातली गावं आधी घेतली. घरोघर विचारत फिरलो आणि घरोघर एकच उत्तर मिळालं. नाही!

बाया नाही म्हणाल्या. बाप्ये नाही म्हणाले. शाळामास्तर तर दुखावल्यासारखे नाही म्हणाले. तेवढे दिवस सरांचं जेवणात लक्ष नव्हतं. अध्यक्षांचं म्हणणं आम्हीच आमच्या हाताने सिद्ध करत निघालो होतो.

शेवटी एका बांधावर आम्हाला रामभाऊ भेटले. निंबाखाली बसून बैलाचा कासरा वळत होते. शेजारी फांदीला ट्रान्झिस्टर टांगलेला, आणि तो खणखणीत वाजत होता.

मी विचारलं, “भाऊ, तुम्ही रेडिओ ऐकता का?”

“नाई बा.”

“अहो, मग हे काय आहे?”

रामभाऊंनी एकदा रेडिओकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “हे? हा लागलेला हाय. ऐकून कोण राह्यलं? मी तं कासरा वळून राह्यलो ना!”

आम्ही जीपमध्ये बसलो. मग इंदल म्हणाला, “सर, त्यायले वाटते ऐकणं म्हणजे कामधंदा सोडून, हात जोडून बसणं. आपण शाळेतला प्रश्न इचारून राह्यलो.”

सरांनी प्रश्नावली घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या गावापासून आम्ही विचारायला लागलो, ‘घरात रेडिओ कुठे असतो?’ आणि काय सांगू! चुलीपाशी, गोठ्यात, धुऱ्यावर, खाटेखाली, देवळीत, न्हाणीच्या भिंतीवर! एका आजीने तर पदराखालून काढून दाखवला. तिचा नातू त्यावर मॅच लावतो म्हणून ती तो अंगावरच बाळगायची.

*

आता लोक रेडिओ ऐकतात हे कळलं, तर सरांनी पुढची टूम काढली. लोक ऐकतात कसे, ते टिपायचं. रेडिओशेजारी मशीन ठेवायचं आणि ऐकता ऐकता लोक आपसांत काय बोलतात ते मुद्रित करायचं. सरांनी त्याला ‘नैसर्गिक श्रवण’ असं नाव दिलं होतं. त्या नावावर त्यांचा फार जीव होता.

गाव ठरलं. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम, जागा देवळासमोरचा पार. आम्ही सरपंचांना सांगितलं, “रोजच्यासारखे बसा, रोजच्यासारखे बोला. आम्ही इथे नाहीच असं समजा.”

आम्ही पोचलो तर पारावर सतरंजी! धुतलेली धोतरं, इस्तरीच्या टोप्या, पुढे टेबल, टेबलावर रेडिओ, त्याला हार! शेजारी सलीमने माइक ठेवला आणि मग तर संपलंच. आमच्याकडे माइक दिसला की माणूस उभा राहतो.

कार्यक्रम लागला. अर्धा तास कोणी हूं की चूं केलं नाही. खोकला आला तरी लोक देवळामागे जाऊन खोकून आले. कार्यक्रम संपला आणि सरपंच माइकसमोर आले, “माननीय अध्यक्ष महोदय, आजच्या या रेडिओ ऐकण्याच्या सोहळ्याला…”

त्यानंतर उपसरपंच बोलले. मग पोलीस पाटील. मग सोसायटीच्या दोन गटांतले दोघं, एकमेकांचं खोडून काढत. शेवटी सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सलीमचाही झाला. मशीन चालूच होतं.

परतताना सर नारळ मांडीवर घेऊन बसले होते. सलीम म्हणाला, “सर, आवाज बाकी एकदम साफ आला. नैसर्गिक.”

“बरं,” सर म्हणाले.

*

त्या वर्षांत जिल्ह्यात पाहुण्यांची नुसती रीघ लागलेली असायची. कोणी कापसाचा अभ्यास करायला, कोणी पाण्याचा, कोणी माणसांच्या मनाचा. टीव्हीच्या गाड्या वेगळ्याच. गावंही सरावली होती. एका गावात आम्ही उतरलो तर ओट्यावर बसलेल्या माणसाने वर न बघताच विचारलं, “तुमचं कोन्तं? कापसाचं का मनाचं?”

“म्हणजे?”

“कापसाचं असन तं ग्रामपंचायतीत बसा. मनाचं असन तं शाळेत. बाया तिथीच येते.”

सर म्हणाले, “आमचं रेडिओचं आहे.”

तो पहिल्यांदाच वर बघायला लागला. रेडिओचं आजवर कोणी आलंच नव्हतं! त्याने आत जाऊन दोघांतिघांशी मसलत केली आणि आमची सोय गुरांच्या दवाखान्यात केली. तिथे लस द्यायला आलेले डॉक्टर बसले होते. म्हणून त्या दिवशीच्या आमच्या मुलाखतींमागे सतत म्हशी ऐकू येतात.

तिथेच शेजारच्या घरातली एक बाई म्हैस घेऊन आली होती. तिशीपस्तिशीची, कपाळ मोकळं. मी तिला विचारलं, रेडिओवर काय आवडतं? ती बघतच राहिली. मग म्हणाली, “सकाळचं भजन नाई आवडत. रडकं असते. दुपारचे गाणे आवडते, नाचाचे.” आणि एकदम हसली. हसताना तोंडावर पदर घेतला, इकडेतिकडे बघितलं.

आम्ही निघालो तर तिने चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. म्हणाली, “वर्षभर झालं ताई, जो येते थो मले इचारते का कसं झालं, काहून झालं. मले काय आवडते, हे तुमीच इचारलं.”

त्या चहाला साखर फार होती आणि मी तो सगळा प्यायले.

*

सलीमच्या अब्बांचं दुकान दारव्ह्याच्या बाजारात होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही मुद्दाम तिथे जाऊन बसायचो, कारण दुरुस्तीला आलेला माणूस रेडिओबद्दल जितकं खरं बोलतो तितकं मुलाखतीत बोलत नाही. अब्बांचा खाक्या असा की गिऱ्हाइकाचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मगच स्क्रूला हात लावायचा.

एका बाजारी एक भक्कम मिशीवाले गृहस्थ आले. रेडिओ टेबलावर आपटला. म्हणाले, “चाचा, याले पाहा बरं. बिघडला.”

अब्बांनी लावून बघितला. आवाज ठणठणीत. दोन-तीन स्टेशनं फिरवली, सगळी लागली. “बराबर तं हाय भाऊ. बिघडला कुठी?”

“गाणे बरोबर येते,” मिशीवाले म्हणाले. “बातम्या बरोबर येते. फक्त कापसाचा भाव चुकीचा सांगून राह्यला. दोन हप्ते झाले, कमीच सांगते!”

दुकानात बसलेले सगळे हसले. मिशीवाले अजिबात हसले नाहीत. अब्बाही हसले नाहीत. त्यांनी सावकाश पाठ उघडली, ब्रशने धूळ झाडली, फुंकर मारली, पाठ बंद केली आणि रेडिओ परत दिला.

“मशीनमधी जेवढं होतं तेवढं काढलं,” अब्बा म्हणाले. “बाकीची बिमारी ऊपर से आती हाय. त्याचा मेकॅनिक मले भेटला तं मीच तुमाले खबर करीन!”

मिशीवाले तेव्हा कुठे हसले, आणि हसता हसता त्यांनी अब्बांना सोबत चहाला नेलं. दुकान आम्ही सांभाळलं. सरांनी त्या अर्ध्या तासात कोणाचा तरी चालू रेडिओ बंद पाडला.

*

मग आलं पुण्याचं चर्चासत्र. विषय होता, श्रोता हा केवळ ऐकणारा नसून बोलणाराही असतो, असं काहीतरी. सर खूश! कारण आमच्याकडे त्याचा अस्सल पुरावा होता. इंदलच्या तांड्यावर एक म्हातारी होती, सगळे तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई. याडी रेडिओशी भांडायची. शेतीतज्ज्ञ काही बोलला की ही उत्तर द्यायची. ते सगळं सलीमने मुद्रित करून आणलं होतं, गोरबोलीत.

सभागृहात ती फीत लागली. तज्ज्ञ म्हणतो, “शेतकरी बंधूंनो, खचून जाऊ नका. योग्य वेळी योग्य फवारणी केल्यास यंदा भरघोस उत्पन्न मिळेल.” आणि याडी सुरू झाली. काय तो आवाज! काय तो वेग! श्वास न घेता ती बोलत सुटली होती. मधे चुलीवर काहीतरी आपटलं, मधे कोंबडी ओरडली, याडी थांबली नाही. सभागृह मंत्रमुग्ध! पुढच्या रांगेतल्या एका बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

फीत संपली. अध्यक्षस्थानी असलेले प्राध्यापक म्हणाले, “विलक्षण लय आहे! भाषांतर मिळेल का?”

सरांनी इंदलकडे बघितलं. इंदल उठला. त्याचा चेहरा मी आधी कधी इतका सज्जन बघितला नव्हता. “सर, याडी असं म्हणतात की, त्या तज्ज्ञांच्या मताशी पूर्णतः सहमत नाहीत.”

प्राध्यापकांनी चष्मा काढला. “एवढ्या सगळ्याचा एवढाच अर्थ?”

“अर्थ एवढाच आहे सर,” इंदल म्हणाला. “बाकी विशेषणं आहेत.”

*

सरांचं स्वतःचं भाषण रेडिओवर झालं तो किस्सा सर असताना सांगत नाही.

रेडिओ केंद्रावरून त्यांना बोलावणं आलं, ‘रेडिओ आणि आपला शेतकरी’. सर आठवडाभर आरशासमोर बोलत होते. मुद्रण झालं, दिवस आणि वेळ कळली. सर म्हणाले, “मी घरी सौभाग्यवतींबरोबर ऐकतो. तुम्ही तिघं केंद्रात ऐका आणि टिपणं काढा.”

वेळेवर आम्ही तिघं बसलो. वीज गेली होती, ती काही नवलाची गोष्ट नव्हती. केंद्रात भिंतभर रेडिओ होते. मी एक लावला, लागेना. दुसरा लावला, लागेना. इंदलने तिसरा हलवून बघितला आणि आम्ही दोघांनी एकदम सलीमकडे बघितलं.

“रेकॉर्डरले टाकले ना सगळे सेल,” सलीम म्हणाला. “काल गावात मशीन बंद पडत होतं.”

“मग रेकॉर्डरमधले काढ!”

“ते कालच संपले.”

अख्ख्या विदर्भात रेडिओवर संशोधन करणारं आमचं एकच केंद्र, आणि त्यात एक रेडिओ चालत नव्हता! इंदल सायकल घेऊन सेल आणायला पळाला. तो आला तेव्हा रेडिओवर हवामान चालू होतं.

सर दुसऱ्या दिवशी आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. “काय, कसं झालं?”

“फारच सुंदर सर,” मी म्हटलं.

“कुठला मुद्दा पोचला नेमका?”

मी इंदलकडे बघितलं. इंदल बेधडक म्हणाला, “शेवटचा, सर. अंगावर काटा आला!”

सरांनी त्याच्याकडे बघितलं. “शेवटचा मुद्दा त्यांनी वेळेअभावी कापला होता,” ते म्हणाले. “बरं.”

*

आणि मग समिती आली. वेचणीचे दिवस होते. कापूस फुटून पांढरी झालेली पऱ्हाटी गावाच्या अंगाला येऊन भिडलेली. समितीत तिघं होते, पण बोलायचे ते अध्यक्षच. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. हुशार होते, जग फिरलेले, आणि रेडिओ संपला आहे याची त्यांना मनापासून खात्री होती. जीपमध्ये ते सरांना सांगत होते, “पुढचा काळ पॉडकास्टचा आहे, वानखडे. तुमचे शेतकरी अजून रेडिओ लावत असतील, मान्य. पण लावून ठेवणं म्हणजे ऐकणं नव्हे. घरात घड्याळ टिकटिकतं, ते काय आपण ऐकतो? मला आज एक तरी श्रोता दाखवा.”

सरांची बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. मला अध्यक्षांचा असा राग आला की मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले.

गावात पहिलंच घर सुमनबाईंचं होतं. ओसरीवर कोनाड्यात रेडिओ चालू होता, मोठ्या आवाजात. सुमनबाई सरकी निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. अध्यक्षांनी विचारलं, “आत्ता रेडिओवर काय चालू आहे, बाई?”

सुमनबाईंनी क्षणभर कान दिला. “काहीतरी खताचं सांगून राह्यला. माह्यं ध्यान नव्हतं.”

अध्यक्षांनी सरांकडे बघितलं. सरांनी खाली बघितलं. इंदल माझ्या कानात म्हणाला, “आटोपलं आपलं दुकान!”

आता अध्यक्ष मोकळे झाले. त्यांनी खिशातून एक लहानसं यंत्र काढलं, काडीपेटीएवढं, कानात घालायच्या वायरींसकट. सुमनबाईंना ते प्रेमाने समजावून सांगू लागले. “हे बघा, यात कार्यक्रम भरून ठेवायचे. हवा तेव्हा, हवा तो, आपला आपण ऐकायचा. शेजाऱ्याला त्रास नाही.”

सुमनबाईंनी वायर हातात घेऊन बघितली. “म्हंजे बाहेर आवाज नाई येत?”

“अजिबात नाही!”

“मंग बाजूच्यायले कसं समजन?”

“काय समजायचं?”

सुमनबाई उत्तर देणार तेवढ्यात रेडिओवर जोरात जाहिरात लागली. अध्यक्षांना त्यांचं बोलणं ऐकू येईना. ते म्हणाले, “एक मिनिट हं,” हात लांबवला आणि बटण फिरवून रेडिओ बंद केला.

“अवो, नोका…” सुमनबाई म्हणाल्या. पण तोवर बंद झाला होता.

एकदम शांत झालं. अध्यक्षांनी एक वायर सुमनबाईंच्या हातावर ठेवली आणि ते पॉडकास्ट सांगायला लागले. चारपाच वाक्यं झाली असतील नसतील. मागच्या कुडावरून एका बाईची हाक आली, “सुमे! वो सुमे!” आवाज कापत होता. सुमनबाई ओरडल्या, “काही नाई वो, पाहुणे हाय!” पण ते तिच्यापर्यंत पोचलं नसावं, कारण तोवर वावरातून माणसं धावत यायला लागली होती.

दोघं पुरुष, मागे दोन बाया. बायांच्या कमरेला वेचलेल्या कापसाच्या ओट्या तशाच, धावताना कापूस सांडत होता. एकाच्या पायात चप्पल नव्हती. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. एक ओसरीवरून सरळ घरात घुसला आणि आतल्या खोलीचं दार ढकलून त्याने वर आढ्याकडे बघितलं. दुसरा विहिरीकडे पळाला.

“भाऊ कुठी हाय?” आतून आवाज आला. “सुमनबाई, भाऊ कुठी हाय?”

“हाय, हाय! गोठ्यात हाय! बैलाले वैरण टाकून राह्यले!”

गोठ्यातून सुमनबाईंचे यजमान बाहेर आले. मध्यम वयाचा, बारीक, मान खाली घालून चालणारा माणूस. डोक्यावर कडब्याची चिपाडं. त्यांनी धापा टाकणाऱ्या शेजाऱ्यांकडे बघितलं, सांडलेल्या कापसाकडे बघितलं, आणि हौदावर हात धुवायला गेले.

घरात घुसलेला शेजारी बाहेर आला आणि ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. कपाळाचा घाम पुसून म्हणाला, “मंग रेडिओ काहून बंद केला व? आवाज बंद झाला का धावाचं, असंच ठरलं हाय ना!”

सुमनबाईंनी अध्यक्षांकडे बघितलं. “थ्यायले माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

अध्यक्ष उभेच होते. त्यांच्या हातातली वायर लोंबत होती. ती गुंडाळून त्यांनी यंत्र खिशात टाकलं. मग ते कोनाड्याशी गेले आणि त्यांनी बटण फिरवलं. घाईत स्टेशन सरकलं, नुसती खरखर आली. त्यांनी पुन्हा फिरवलं, सावकाश, आणि एक गाणं लागलं.

“वानखडे,” ते मागे न वळता म्हणाले, “मला आता काही विचारायचं नाही. मुदतवाढीचं मी बघतो.”

बाया कापूस वेचून परत ओटीत भरत होत्या. पायरीवर बसलेला शेजारी उठला, अध्यक्षांच्या जवळ गेला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, आवाज अजून थोडा मोठा करा. वावरापर्यंत आला पाह्यजे.”